वाकळे उस्तादांचा कान

वाकळे उस्तादांना ऐकू येत नाही, हे आमच्या अख्ख्या वर्कशॉपात दोघांनाच माहीत आहे, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. एक ते स्वतः आणि दुसरी मी. आणि बाहेर जालना रोडवर, गेटाच्या वर, बसमधून जाणाऱ्यालाही दिसावा असा भलामोठा बोर्ड होता. उघडं बॉनेट, त्यावर वाकलेले उस्ताद, डोळे मिटलेले, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलेलं. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘गाडीचं दुखणं आमचे उस्ताद कानानं ओळखतात.’ रोज सकाळी त्या बोर्डाखालून स्कूटी आत घालताना मी वर बघायचं टाळायचे. ते बघायचे का, ते त्यांनाच ठाऊक.

मी तिथं सर्व्हिस अॅडव्हायझर होते. नाव मोठं, पण काम म्हणजे चिडलेल्या माणसाचं ऐकून घ्यायचं, तो सांगेल ते जॉबकार्डावर उतरवायचं आणि हसायचं. शेठनं काउंटरच्या आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी चिठ्ठीच चिकटवली होती, ‘हसा.’ माझा स्वभाव मुळात तापट. आमची आई म्हणते, मनीषा आधी तोंड उघडते आणि मग विचार करते. अशा बाईला दिवसभर काचेमागं बसवून हसायला लावायचं म्हणजे कोंडून घातल्यासारखंच. पुढं गिऱ्हाईक, मागं पत्र्याचं शेड, शेडात कॉम्प्रेसरची घरघर, आणि एप्रिल-मे आला की त्या पत्र्याखाली जीव नकोसा व्हायचा. उस्ताद होते म्हणून मी तिथं टिकले, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यातच पळाले असते.

आता कुणाला वाटेल, बिचारे गरीब म्हातारे मेकॅनिक. तर तसं अजिबात नाही. लई शौकीन माणूस. केस काळे कुळकुळीत रंगवलेले, खिशात कंगवा, कानाच्या पाळीत अत्तराचा फाया. ते अत्तर गुलमंडीवरून स्वतः जाऊन, हातावर लावून, वास घेऊन आणायचे. डांगरी ग्रीसनं माखायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्रीची घडी मोडूनच अंगात. घर फुलंब्रीकडचं, शेती थोरला भाऊ बघायचा. यांनी आयटीआय करून शहर धरलं आणि जुन्या शहरातल्या एका गॅरेजवाल्याच्या हाताखाली काम शिकले. त्यामुळं जीभ अर्धी मराठी, अर्धी दखनी. गाडी आली की मालकाकडं बघायचेसुद्धा नाहीत. आधी गाडीभोवती एक चक्कर मारायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि तिलाच विचारायचे, ‘क्या बाई, क्या हुआ?’ मालक बाजूला ताटकळत उभा.

मालकांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. माणूस गाडीची तक्रार सांगतो तेव्हा तो स्वतःचीच सांगत असतो. ज्याची बायको बोलत नाही तो म्हणतो, गाडी नुसती गप्प गप्प चालते. ज्याला बीपी आहे तो म्हणतो, लवकर गरम होते. एकदा एक बँकेतले साहेब आले आणि म्हणाले, गाडी चढावर दम टाकते. उस्तादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच म्हणाले, मॅडम, गाडीचं आपण बघू, साहेबांना जिने कमी चढायला सांगा. मला हसू आवरेना. त्या दिवशी चिठ्ठीची गरजच पडली नाही.

पण त्यांची खरी हुकमत टर्बोच्या गाड्यांवर. टर्बो म्हणजे काय, हे ते गिऱ्हाइकाला असं सांगायचे. धरणातून पाणी भरभरून निघतं का नाय? निघतं. अन् तुमच्या नळाला किती येतं? करंगळीएवढं. मधी कुठंतरी लाईन गळतीय. आमच्या शहरात नळाचा विषय काढला की कुणालाही पटतं. टर्बो हवा दाबून दाबून इंजिनाकडं धाडतो, ती रबरी पाइपांतून जाते, आणि पाइपाला बारीक चीर गेली की वाटेतच फुस्स करून निघून जाते. मग गाडीचा दम जातो, घाटात मान टाकते. दुसरं दुखणं मिसफायरचं. इंजिनातला एखादा सिलिंडर पेटतच नाही आणि गाडी उचकी लागल्यासारखी थरथरते. गिऱ्हाईक दोन्हीला एकच म्हणतं, ‘ओढत नाही.’ फरक असा की मिसफायरचा हादरा बसतो आणि हवेची गळती शिट्टी मारते. बारीक, लांबून येणाऱ्या डासासारखी. ती शिट्टी उस्ताद चालत्या गाडीत, एसी चालू असताना, मालक बडबडत असताना ओळखायचे आणि पाइपाच्या नेमक्या जागेवर बोट ठेवायचे. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एके काळी त्यांचा कान खरंच तसा होता. बोर्ड खोटा नव्हता, फक्त उशिरा लागला.

झालं असं की कुणा गिऱ्हाइकानं त्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढला. उस्ताद डोळे मिटून ऐकताहेत, मग डोळे उघडून म्हणतात, ‘इंटरकूलरचा खालचा पाइप, डावीकडून,’ आणि खरंच तिथं चीर निघते. तो व्हिडिओ गावभर फिरला. जालन्याचे लोक आले, बीडचे आले, परभणीहून एक जण गाडी टेम्पोवर घालून घेऊन आला. शेठ खूश. त्यांनी फोटोवाला बोलावला, उस्तादांना नवी डांगरी घातली, बोर्ड चढवला. आणि उस्ताद काय कमी खूश होते? बोर्ड लागला त्या दिवशी ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन, टपरीवर चहा पीत, बराच वेळ स्वतःकडं बघत उभे होते. तिथून परत आले ते कंगवा फिरवतच.

कान तेव्हाच जायला लागला होता.

मला कळलं ते असं. एका दुपारी उस्ताद शेडाच्या तोंडाशी पाठमोरे उभे होते आणि एक गाडी रिव्हर्स येत होती. मागं घेताना वाजतं ते टीं-टीं-टीं चालू होतं. मी काउंटरवरून बघतेय, आता सरकतील, मग सरकतील. सरकेनात. मी काउंटर सोडून धावले आणि त्यांची डांगरी धरून ओढलं. गाडी बाजूनं गेली. ड्रायव्हर शिव्या घालून मोकळा झाला. उस्ताद माझ्यावरच भडकले, बाईमाणसानं असं ओढावं का म्हणून. मी म्हणाले, उस्ताद, टीं-टीं ऐकू नाही आलं? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला जीभ चावावीशी वाटली.

संध्याकाळी ते आपण होऊन काउंटरवर आले. क्रांती चौकातल्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आले होते म्हणे. डॉक्टर म्हणाला, आयुष्यभर आवाजात काढलं, त्यामुळं बारीक आवाज आधी गेले, जाड राहिलेत, तेही जातील. इंजिनाची धडधड ऐकू येते, माणसाचं बोलणं निम्मं येतं, शिट्टी मात्र गेली ती गेलीच. मशीन लावा आणि आवाजापासून लांब राहा, असा सल्ला. मशीन त्यांनी घेतलंही, पण ते लावून शेडात गेलं की कॉम्प्रेसर आणि नट खोलायची गन डोक्यात घण घातल्यासारखी वाजायची. आणि लावणार तरी कसं? बोर्डावरच्या कानात?

“कुणाला बोलू नको पोरी,” ते म्हणाले. “कळलं का गाड्यांच्या धुलाईवर टाकतेत मला.”

चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, एकटी असले की पोरी. मी कबूल केलं. आणि तेव्हापासून मीही त्या बोर्डाखाली अडकले.

अडकले म्हणजे काय, तर टेस्ट ड्राइव्हला मी मागच्या सीटवर बसायला लागले. कारण हवंच, म्हणून जॉबकार्ड हातात. शिट्टी ऐकू आली की मी गिऱ्हाइकाला मोठ्यानं विचारायचे, ‘ही शिट्टी आधीपासूनच आहे का हो, की वेग वाढला की येते?’ मोठ्यानं म्हणजे पुढं बसलेल्या उस्तादांना पोचेल इतकं. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय दणदणीत आवाजाची बाई आहे. उस्ताद गंभीरपणे मान डोलवायचे आणि म्हणायचे, बराबर, मी तेच ऐकून राहिलोय.

पण नुसत्या माझ्या जिवावर ते चालले असते तर मीच म्हणाले असते, बास करा. तसं नव्हतं. कान गेल्यावर त्यांनी दुसरीच तऱ्हा बसवली. सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी ते येऊन बसायचे. चालू इंजिनावर चहाची बशी ठेवायची आणि चहाकडं बघत राहायचं. सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढायची. वायर काढली आणि बशीतला थरथराट वाढला तर तो सिलिंडर चांगला, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. हवेच्या गळतीला उदबत्ती. इंजिन नुसतं चालू ठेवून पाइपांच्या कडेनं उदबत्ती फिरवायची. जिथं चीर असेल तिथं धूर आत ओढला जातो. टर्बोच्या पुढच्या पाइपांत बाहेरून हवा भरून वरून साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले की सापडली जागा. हे सगळं सावकाश, न चुकता. खरं सांगायचं तर कानावर चालायचे तेव्हापेक्षा आता त्यांचा निदानाचा हात जास्त पक्का झाला होता. लवकर आलेलं एखादं गिऱ्हाईक उदबत्ती बघून हात जोडायचं, त्याला वाटायचं उस्ताद गाडीची पूजा करताहेत.

आणि मग दहा वाजता खेळ सुरू. लोक जमायचे, शेठ यायचे. ज्या पाइपाची चीर सकाळीच फेसानं दाखवून दिलेली, त्याच पाइपाशी उस्ताद कानाला नळी लावून डोळे मिटायचे. सगळे श्वास रोखून उभे. कुणी कॉम्प्रेसर बंद करायचं. थोडा वेळ ताणून उस्ताद डोळे उघडायचे आणि बोट ठेवायचे. मोबाईलवर व्हिडिओ. मला अक्षरशः संताप यायचा. केलेलं काम चोरासारखं लपवायचं आणि न येणारी गोष्ट चव्हाट्यावर करून दाखवायची. मी एकदा म्हणालेही, उस्ताद, लोकांना उदबत्तीचंच दाखवा ना, तेही भारीच आहे. ते म्हणाले, उदबत्ती कुणीबी लावील पोरी, लोक कान बघाया येतेत.

घरीही तेच. ते पुंडलिकनगरात राहायचे, आमच्या पलीकडच्या गल्लीत. वाकळेकाकू स्वभावानं इतकी मऊ बाई की मांजराला हाकलतानासुद्धा ‘जा गं’ म्हणायची. पण नवऱ्याला ऐकू जावं म्हणून तिला ओरडून बोलावं लागायचं. ‘भाजी वाढू का’ हे गल्लीच्या टोकापर्यंत. हळूहळू गल्लीत झालं, वाकळेबाई लई कजाग, नवऱ्याच्या अंगावर वस्सकन जाते, त्यांचा कान बघा, गाडीचं बारीक बारीक ऐकतो, तरी ही बाई बोंबलते. खरं सांगायची तिला बंदी. ती माझ्यापाशी एकदा पदर तोंडाला लावून रडली. म्हणाली, जाऊ दे, त्यांचं नाव राहतंय ना. मला उस्तादांचा भयंकर राग आला त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते ऐकू न आल्यामुळं कळलंच नाही, की कळूनही त्यांनी तसं दाखवलं नाही, देव जाणे.

अशानं किती दिवस निभणार होतं? माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं आणि मी रजेवर गेले. नेमकं तेव्हाच चाळीसगावला निघालेलं एक कुटुंब आलं. मास्तर, त्यांची बायको आणि म्हातारी आई. गाडी टर्बोचीच, म्हणे चढाला ओढत नाही आणि मधूनच उचक्या देते. त्यांना लगेच निघायचं होतं आणि मास्तरांनी व्हिडिओ पाहिलेला, म्हणून ते गाडीपासून हलेनात. शेठही शेजारी येऊन उभे. पाइपात हवा भरायला, फेस लावायला निवांतपणा लागतो, तो मिळाला नाही. आणि सगळ्यांदेखत फेस काढला असता तर मग कान कशाला, असं झालं असतं. उस्तादांनी चक्कर मारून आणली. मागं बसलेली म्हातारी म्हणत होती, शिट्टी वाजतेय. त्यांनी हो हो केलं. इंजिनावर हात ठेवल्यावर थरथर लागली, एक कॉइल खराब निघाली, ती बदलली. उचक्या थांबल्या. मास्तर खूश, शेठ खूश, व्हिडिओ झाला.

दुखणी दोन होती. एक त्यांनी हातानं पकडलं. दुसरं शिट्टी मारत राहिलं.

परत येताना कन्नडच्या घाटात गाडीनं मान टाकली. पाइपाची चीर पार फाटली होती. पुढं ट्रकांची रांग, मागं ट्रकांची रांग, वळणावर कड्याला लागून गाडी उभी, दुपारचं ऊन आणि आत म्हातारी. उतरावं तर उभं राहायला जागा नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारून राहिलेले. म्हातारीला घेरी आली. कुणा ट्रकवाल्यानंच तिला आपल्या केबिनमध्ये घेतलं, पाणी पाजलं. रांग सुटेपर्यंत ती माणसं तिथं कोंडून पडली होती. कुणाला काही झालं नाही. पण झालं असतं.

गाडी ओढून वर्कशॉपला आणली तेव्हा मी रजेवरून परतले होते. मास्तर तावातावानं बोलत होते, मी ऐकत होते, हसायचा प्रश्नच नव्हता. उस्ताद बाजूला खाली मान घालून उभे. तेवढ्यात ती म्हातारी काठी टेकत त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. तिच्या कानात मशीन होतं. ती मास्तरांसारखी ओरडली नाही. त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून बोलली. ऐकू न येणाऱ्याशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं.

“मी सांगत होते, शिट्टी वाजतेय. तुम्ही मान हलवली. मीपण अशीच मान हलवायचे, कुणी काही म्हटलं की हो हो. मशीन लावा हो दादा. लाजायचं काय त्यात?”

उस्तादांचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवलं. त्यांनी वाकून म्हातारीच्या पायाला हात लावला. मग स्वतः गाडीखाली शिरले, पाइप बदलला, फेस लावून सगळ्यांदेखत तपासला. कानाला नळी लावली नाही. शेठ काचेतून बघत होते.

गाडी गेल्यावर ते मला म्हणाले, आता बास झालं. आज म्हातारी वाचली, उद्या कुणाचं लेकरू असंल. शेठला सांगतो. धुलाईवर टाकू दे नायतर घरी बसवू दे. तू संगं चल, ते काय म्हणतेत ते मला नीट कळलं पायजे.

म्हणून मी शेठच्या केबिनमध्ये होते. शेठ वाईट माणूस नव्हे. उस्तादांना बसायला सांगितलं, थंड पाणी मागवलं. उस्ताद बसले नाहीत. सरळ म्हणाले, शेठ, मला ऐकू येत नाय. लई दिवस झाले. मला कानाचं काम नको. मागं शेडात बसून उदबत्तीनं, फेसानं गळती काढून देतो, बशी ठेवून मिसफायर काढतो, एकबी गाडी परत येणार नाय. पण तो बोर्ड उतरवा. एवढं एका दमात बोलून ते माझ्याकडं आणि शेठकडं आलटून पालटून बघत राहिले.

शेठ हसले. मोबाईलमधून डोळे काढून, अगदी प्रेमानं बोलले. ते उस्तादांपर्यंत पोचलेलं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. त्यांनी मला विचारलं, काय म्हणले? शेठ तसेच हसत माझ्याकडं बघत होते, सांगा ना, अशा अर्थानं. आणि मला ते मोठ्या आवाजात, काच थरथरेल इतक्या मोठ्यानं पुन्हा म्हणावं लागलं.

“शेठ म्हणतात, मला कधीचं माहीत आहे. तुम्ही फक्त कान लावा. शोधायला बाकीचे आहेत.”

उस्ताद म्हणाले, शोधायचं येतं ना मला. तेवढंच येतं. शेठ म्हणाले, उस्ताद, आता तुमचं वय शेडात तापायचं आहे का? आणि तुम्हाला धुलाईवर टाकलं तर गाव मला काय म्हणेल? हेही मीच सांगितलं. त्या केबिनमध्ये मला इतकी शरम वाटली, आणि शेठचा इतका राग आला, की मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांची टूल-ट्रॉली दुसऱ्याकडं गेली. वर्कशॉपाच्या पुढच्या बाजूला शेठची नव्या गाड्यांची शोरूम होती, तिथं एसीत, काचेच्या आत त्यांना जागा दिली. गादीची खुर्ची, पांढरा कोट. सकाळी लवकर यायचं कारण उरलं नाही. शेडात आता लॅपटॉपवाले इंजिनिअर होते, धूर सोडायचं मशीन आलं होतं, आणि ते लोक कामाला चांगलेच होते, त्यांच्यावर बोट ठेवायला जागा नाही. त्यांनी गळती काढायची, कागदावर लिहायची, तो कागद मी उस्तादांना द्यायचा. मग उस्तादांनी वाचून, कोट सावरून, लोकांसमोर कान लावायचा आणि कागदावरचं बोलायचं. मध्ये मध्ये ते उठून शेडाकडं जायचे, बॉनेटवर हात ठेवायचे. कुणीतरी अदबीनं म्हणायचं, उस्ताद, तुम्ही कशाला त्रास घेता, बसा ना आत. आणि हाताला धरून परत आणून बसवायचं. बसले की आतून काचेला टेकून शेडातला धूर बघत राहायचे.

मी म्हणाले, सोडा ना हे. दुसरीकडं चला. शहरात काय गॅरेजांची कमी आहे? नाहीतर पुंडलिकनगरात स्वतःचं शटर उघडा, मी येते काउंटरला, हसणार मात्र नाही. ते हसले. मग म्हणाले,

“जाऊ कुठं पोरी? ज्या दारात जाईन तिथं आधी मपला कानच मागतेत.”

खरंच होतं. रस्त्यात लोक स्कूटर थांबवून म्हणायचे, उस्ताद, जरा ऐका की. लग्नात जेवायला बसले तरी कुणीतरी किल्ली पुढं करायचं.

मी मात्र सुटले. एकदा शेठसमोरच एका गिऱ्हाइकाशी तोंड वाजलं आणि मी राजीनामा टाकून निघाले. बीड बायपासला एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागले. तिथंही काचच आहे, पण तिथं हसायचं बंधन नाही. उस्तादांशी बोलणं कमी झालं. फोनवर त्यांना कळत नसे आणि घरी गेलं की काकूच्या ओरडण्यानं गल्ली गोळा होई.

मध्यंतरी अनुभवाचा दाखला आणायला मी शोरूमला गेले. आत एका नव्या गाडीची डिलिव्हरी चालू होती. हल्ली एक नवीनच प्रथा पडली होती तिथं. गाडीवरचं लाल कापड काढायचं, हळदीकुंकू, नारळ, आणि मग उस्तादांनी बॉनेटला कान लावून गाडी चांगली आहे असं म्हणायचं, म्हणजे शकुन झाला. कागद-बिगद काही नाही, कारण शोधायचंच काही नसतं. मी काउंटरपाशी थांबले. उस्ताद पांढऱ्या कोटात आले. बारीक झाले होते. केस तेवढे काळे. वाकले आणि त्यांनी डोळे मिटून कान टेकवला.

गाडी बॅटरीवर चालणारी होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मग कुणीतरी पेढ्याचा बॉक्स उघडला आणि सगळे तिकडं वळले. शेठ, गाडीवाले, त्यांची पोरंबाळं, सगळीच. गाडीपाशी कुणी राहिलं नाही. उस्ताद तसेच वाकलेले, डोळे मिटलेले. टाळ्या थांबल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मी बघत राहिले. काम नसताना इतका वेळ कान लावून ते काय करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांचे ते सरळ झाले, कोट नीट केला आणि ऐकू न येणारा माणूस बोलतो तशा चढ्या आवाजात म्हणाले,

“एकदम ठणठणीत हाय बरं का गाडी.”

समोर कुणीच नव्हतं. मी काउंटरपासून म्हणाले, ‘व्हय, उस्ताद.’ पण ते माझ्याकडं बघत नव्हते.